वेगळी चूल कीं एकच चूल?



‘त्यांनीं वेगळी चूल मांडली’ असें कोणी म्हटलें, कीं भावाभावांतील वाटणी, अंगणांत उभा राहिलेला कूड आणि जावाजावांनीं धरलेला अबोला यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आज ज्या वेगळ्या चुलीविषयीं मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें, तिच्यांत एवढी कटुता नाहीं. ती खरोखरीची, स्वयंपाकाची चूल आहे. परंतु तिच्यावरूनहि घरांत वाद होतात, हें मी स्वानुभवानें सांगतों.

माझ्या मुलाचें जळगांवीं नवें घर बांधून होत होतें. स्वयंपाकघराची आंखणी करण्याची वेळ आली, तेव्हां त्याचें म्हणणें पडलें कीं, कुकिंग रेंज घ्यावी. म्हणजे वर चार-पांच ज्योती आणि खालीं पोटांत भट्टी, अशी जमिनीवर उभी राहणारी एकसंध चूल. सूनबाईंचें मत निराळें. गॅसच्या ज्योती ओट्यावर असाव्यात, आणि ओव्हन त्यांच्यापासून दूर, भिंतींतील कपाटांत बसवावा. दोघांनींहि निकाल मजकडे मागितला. शाळामास्तर निवृत्त झाला तरी घरचीं माणसें त्याला परीक्षकच समजतात, आणि परीक्षकाला विषय येत असलाच पाहिजे, असा त्यांचा भाबडा समज असतो! माझ्या सौभाग्यवतींनीं मात्र एकच प्रश्न विचारला, “आखाजीचे मांडे कोठें करायचे?” त्या वेळीं तो प्रश्न मला अप्रस्तुत वाटला. पुढें विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, सगळ्या प्रकरणाची किल्ली त्याच प्रश्नांत होती.

हा वाद यंत्रांचा दिसला तरी तो फार जुना आहे. आपल्या आजीची मातीची चूल आठवून पाहा. चुलीच्या शेजारीं वैल असे. चुलींतील जाळ आंतल्या वाटेनें वैलाकडे जाई. चुलीवर भाकरीचा तवा, वैलावर वरणाचें भांडें, आणि पुढें ओढलेल्या निखाऱ्यांशीं उभी केलेली भाकरी, अशीं तीन कामें एका जाळांत होत. हीच आपली देशी कुकिंग रेंज होय. तिच्यांत काटकसर होती. पण परावलंबनहि होतें. चूल पेटल्यावांचून वैल तापत नसे, आणि वैलावरच्या दुधाला मंद आंच हवी म्हणून भाकरीचा जाळ कमी करतां येत नसे. म्हणून ज्या घरीं ऐपत होती, तेथें दुधासाठीं कोळशाची शेगडी निराळी ठेवीत. पुढें प्रायमस स्टोव्ह आला. स्वीडन देशांतील फ्रान्स लिंडक्विस्ट या गृहस्थानें तो १८९२ सालीं सिद्ध केला. १९५५ सालीं बर्मा शेल कंपनीनें मुंबईंत घरगुती वापरासाठीं सिलिंडरांतील गॅस आणला, आणि तो पसरत पसरत आपल्या जळगांव-धुळ्यापर्यंत पोंचला. या प्रत्येक नव्या साधनानें आपल्या गृहिणींना एकच गोष्ट दिली : प्रत्येक भांड्याला त्याची स्वतंत्र, कमीजास्त करतां येणारी ज्योत.

भट्टी मात्र आपल्या घरांत कधींच नव्हती. ती गांवांत होती. लाह्या-फुटाणे भडभुंज्याच्या भट्टीवर होत. दिवाळी जवळ आली कीं बायका रवा-मैदा, तूप व साखर घेऊन बेकरीवाल्याकडे नानकटाई भाजून आणावयास जात. थोडक्यांत, ज्योत घरची आणि भट्टी गांवची, अशी आपली विभागणी होती. ओव्हन घेणें म्हणजे गांवांतील भट्टी घरांत आणणें होय. ती कोठें बसवावयाची, हा आजचा प्रश्न आहे.

युरोपांतील रीत निराळी होती, आणि ती कां निराळी होती हें पाहिल्याशिवाय रेंजची कल्पना नीट उमगत नाहीं. तेथें थंडी कडक. चुलीला अन्न शिजविण्याबरोबरच घर उबदार ठेवण्याचें काम असे. १७९० नंतरच्या दशकांत बव्हेरियाची राजधानी म्यूनिक येथें काउंट रम्फोर्ड नांवाच्या शास्त्रज्ञानें उघड्या चुलीचा अभ्यास केला. आगीचा बराच मोठा भाग अन्नाला न लागतां धुराड्यावाटें फुकट जातो, असें त्याला दिसलें. तेव्हां त्यानें विटांच्या एका ओट्यांत प्रत्येक भांड्याला स्वतंत्र लहानसा जाळ, त्याला स्वतंत्र दार आणि वारा कमीजास्त करण्याची झडप, अशी योजना केली. बाहेरून चूल एक. आंतून मात्र जाळ वेगळे!

दुसरें उदाहरण गुस्ताफ डालेन या स्वीडिश शास्त्रज्ञाचें. दीपगृहांचे दिवे आपोआप चालविणाऱ्या योजनेबद्दल त्याला १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं प्रयोग करतांना झालेल्या स्फोटांत त्याची दृष्टि गेली. घरांत बसून असतां, आपली पत्नी चुलीपाशीं किती राबते हें त्याला उमगलें, असें सांगतात. १९२२ सालीं त्यानें ‘आगा’ नांवाची चूल काढली. ती अहोरात्र पेटती राही, तिच्या जड लोखंडांत उष्णता सांठे, आणि वरच्या तव्यांना व आंतील भट्ट्यांना ती आपोआप पुरवली जाई. डोळे असलेल्यांना जें दिसलें नव्हतें, तें त्या अंध माणसानें पाहिलें! त्याची कळकळ आपण घ्यावी. चूल मात्र घेऊं नये. मे महिन्यांत भुसावळीस पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतांना चोवीस तास तापलेलें लोखंड घरांत ठेवणें म्हणजे शिक्षाच होय. थंड देशांत भट्टीची सुटलेली उष्णता हा लाभ असतो. खानदेशांत तोच तोटा आहे.

आतां अग्नीच्या गुणधर्मांकडे वळूं. ज्योत भांड्याला खालून तापविते. तिचा ताप तीव्र आणि तत्काळ असतो, आणि बटण फिरवितांच तो कमी होतो. भट्टी पदार्थाला चोहोंबाजूंनीं तापविते. तिच्या तापलेल्या भिंती आणि आंतील गरम हवा हीं दोन्ही काम करतात. तिचा ताप मंद आणि सम असतो. पण ती तापावयास दहा-पंधरा मिनिटें लागतात, आणि निवावयासहि वेळ लागतो.

या कसोटीवर आपले पदार्थ घासून पाहा. कळण्याची भाकरी घ्या. तव्यावर तिचे दोन्ही पापुद्रे सुकले कीं आपण ती जाळावर धरतों. आंतील पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली कीं तें मूळच्या सोळाशेंहून अधिक पट जागा मागतें, म्हणून भाकरी टम्म फुगते. हें काम क्षणांत व्हावें लागतें. भट्टीच्या मंद तापांत तीच भाकरी फुगण्याऐवजीं वाळते. भरताचें वांगें घ्या. जळगांवच्या भरिताच्या वांग्याला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आपणांस ठाऊक असेल. तें वांगें ओव्हनमध्यें मऊ होतें, यांत शंका नाहीं. परंतु कपाशीच्या काड्यांच्या जाळावर साल करपून धुराचा जो वास गरांत उतरतो, तो ओव्हनमध्यें येणार कोठून? उलट बट्टी घ्या. गव्हाच्या जाड पिठाचा तो गोळा आंतपर्यंत सारखा भाजला गेला पाहिजे. पूर्वीं तो गोवऱ्यांच्या आरांत भाजीत, आणि तो आर म्हणजे एक प्रकारची भट्टीच होती. म्हणून ओव्हनमध्यें सुमारें १८० ते २०० अंशांवर बट्टी उत्तम होते. नानकटाईचेंहि तेंच.

राहिले मांडे. पालथें घातलेलें मातीचें खापर लांकडांच्या पसरट जाळानें हळूहळू तापतें. माती उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. त्यामुळें हातावर वाढविलेला तो भला मोठा, पुरणानें भरलेला पातळ मांडा कोठेंहि न करपतां सगळीकडे सारखा भाजला जातो. गॅसची ज्योत वर्तुळाकार आणि लहान; तिनें खापराचा मधला भागच तापतो. शिवाय ज्या शेगडीला वर कांच आहे, तिच्यावर एवढें मोठें भांडें ठेवलें तर उष्णता खालीं परतून कांच तडकण्याचें भय असतें. रेंज घ्या, कीं ओव्हन भिंतींत बसवा, मांड्यांची सोय दोहोंतहि नाहीं. घरच्या बाईंचा प्रश्न किती मार्मिक होता, हें मला तेव्हां कळलें. आम्ही दोन यंत्रांत निवड करीत होतों. त्या मात्र आपल्या घरांत अग्नि किती आणि कोणते लागतात, हें मोजीत होत्या.

मग मीं सूनबाईंना एक कोरी वही दिली. एक महिनाभर रोज रात्रीं एकच ओळ लिहावयाची : आज किती ज्योती एका वेळीं पेटल्या, आणि ओव्हन असता तर तो खरोखर लागला असता काय? महिनाअखेर हिशेब पाहिला. ज्योती रोज दोन्ही वेळां पेटल्या होत्या. बहुतेक वेळां दोन, पाहुणे आले तेव्हां तीन, आणि चार अशा एकदांच. ओव्हन लागला असता असे दिवस चारच. दोन बट्टीचे, एक नातीच्या वाढदिवसाच्या केकचा आणि एक बिस्किटांचा. वही पाहून मुलगा हंसला आणि म्हणाला, “आबा, चार दिवसांसाठीं आम्ही दोन महिने भांडत होतों.” आपल्या घरचा आंकडा कदाचित् निराळा निघेल. ज्या घरीं आठवड्यांत तीनदां पाव किंवा केक होतो, तेथें ओव्हन ही चैन नसून गरज आहे. पण दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं ही वही लिहावी. दुकानदार यंत्राचे गुण सांगेल. आपल्या घरची भूक तो सांगूं शकणार नाहीं.

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे, ती सांगतांना मला थोडी लाज वाटते. १९८८ सालीं मीं धुळ्यास लहानसें घर बांधलें. ओटा किती उंच करूं, असें गवंड्यानें मला विचारलें. मीं जवळ जाऊन हात टेकवून पाहिला आणि ‘एवढा असूं दे’ असें सांगितलें. माझी उंची पांच फूट सात इंच. पत्नीची पांच फुटांस एक इंच कमी. त्या ओट्यावर दोन ज्योतींची शेगडी चढली, तिच्यावर पातेलें चढलें, आणि पिठलें घोटतांना त्या माउलीला पस्तीस वर्षें खांदे उचलून घोटावें लागलें. उजवा खांदा आतां वर जात नाहीं. वैद्यांचे उपचार झाले, डॉक्टरांचेहि झाले. पण दुखण्याचें मूळ घरांतच विटासिमेंटांत बांधून ठेवलें आहे, हें मला या प्रकरणापूर्वीं कधीं सुचलें नाहीं. आणि त्यांनीं तें कधीं सांगितलें नाहीं.

म्हणून उंचीचें माप नीट समजून घ्यावें. जी व्यक्ति स्वयंपाक करणार, तिला ताठ उभें करून कोपर काटकोनांत वांकवावयास सांगावें. कोपरापासून जमिनीपर्यंतचें अंतर मोजावें. पांच फूट उंचीच्या स्त्रीच्या बाबतींत तें सुमारें ३८ इंच भरतें. भांडें ज्यावर टेकतें तो भाग कोपराच्या चार ते सहा इंच खालीं, म्हणजे जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर यावा. ओट्यावर ठेवावयाची शेगडी स्वतःच चार-पांच इंच उंच असते. म्हणून शेगडीखालचा ओटा तेवढा खालीं घ्यावा लागतो. ओट्यांत बसविलेल्या शेगडीची जाळी मात्र ओट्याच्या थोडीच वर येते. कुकिंग रेंजची उंची कारखान्यांत ठरलेली. ती साधारणतः ३३ ते ३६ इंच भरते. उंच व्यक्तीला ती सोयीची, ठेंगण्या व्यक्तीला गैरसोयीची.

रेंजची खरी अडचण पुढेंच आहे. तिची भट्टी पोटांत, म्हणजे गुडघ्यांच्या पातळीवर. तापलेला पत्रा बाहेर काढावयाचा म्हणजे कंबरेंत वांकून, तोंडावर गरम वाफ घेऊन, हातांत जड ओझें धरून उठावयाचें. तिशींत हें जमतें. साठींत जमत नाहीं. शिवाय रांगणाऱ्या मुलाचा हात पोंचेल अशा जागीं तें तापलेलें दार असतें. भिंतींत बसविलेला ओव्हन छातीच्या पातळीवर ठेवतां येतो. पत्रा सरळ ओढावा आणि शेजारच्या ओट्यावर ठेवावा. मात्र त्याचें दार खांद्याहून वर जाऊं देऊं नये. नाहींतर तापलेला पत्रा डोक्यावरून उतरविण्याची वेळ येते.

दुसरा विचार इंधनाचा. भिंतींतील ओव्हन बहुधा विजेवर चालतो. त्याला दोन ते तीन हजार वॅट शक्ति लागते. घरांतील साधी सहा अँपियरची खुंटी २३० व्होल्टवर १,३८० वॅटांपेक्षां अधिक भार सोसत नाहीं. म्हणून ओव्हनसाठीं सोळा अँपियरची खुंटी आणि मुख्य फळीपासून निराळी, जाड तार घालावी लागते. दोन हजार वॅटची भट्टी पूर्ण जोरानें एक तास चालली तर दोन युनिट वीज खर्च होते. आणि ज्या प्रदेशानें भारनियमनाचे दिवस पाहिले आहेत, जेथें वळवाच्या वादळांत केळीच्या बागांबरोबर विजेचे खांबहि आडवे होतात, तेथें सगळा स्वयंपाक विजेवर टाकणें शहाणपणाचें नाहीं.

रेंजची भट्टी गॅसवरहि मिळते. वीज गेली तरी ती चालते, हा तिचा मोठा गुण. पण सिलिंडरांतील गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो जमिनीलगत सांचतो. म्हणून ज्योत विझतांच गॅस आपोआप बंद करणारी योजना भट्टीला आहे काय, हें पाहूनच ती घ्यावी, आणि स्वयंपाकघरांत जमिनीलगत वारा खेळता ठेवावा. सिलिंडर सदैव उभें असावें, आणि त्याची रबरी नळी भट्टीच्या तापल्या पाठीमागून जाऊं देऊं नये.

तिसरा विचार दुरुस्तीचा. एकसंध यंत्रांत एक भाग बिघडला कीं सगळें यंत्र जागेवरून हलवावें लागतें. भट्टीचें दुखणें निघालें, कीं त्या दिवशीं भाकरीलाहि खीळ. वेगळ्या चुलींत एक आजारी पडली तर दुसरी घर चालविते. मात्र भिंतींत बसविण्याच्या ओव्हनला कपाटाचें सुतारकाम लागतें, मागें हवा खेळावयास पोकळी लागते, आणि एकदां बसविल्यावर तो सहज हलवितां येत नाहीं.

येथें रेंजवर अन्याय होऊं नये. ज्यांची नोकरी बदलीची आहे, जे भाड्याच्या घरांत राहतात, ज्यांना भिंत फोडण्याची मुभा नाहीं, त्यांना रेंजच बरी. घर सोडतांना ती बरोबर नेतां येते. ज्यांच्या स्वयंपाकघरांत एका भिंतीवर दोन वस्तु मावत नाहींत, आणि ज्यांच्या घरीं ज्योत आणि भट्टी दोन्ही रोज लागतात, त्यांनाहि ती सोयीची. परंतु स्वतःचें घर बांधणाऱ्या, रोज भाकरी थापणाऱ्या आणि महिन्यांत चार वेळां भट्टी लावणाऱ्या खानदेशी कुटुंबाला वेगळ्या चुलीच अधिक हितावह, असें माझें मत झालें.

त्यांतहि घाई नको. आम्ही असें केलें. ओटा सूनबाईंच्या कोपराच्या मापानें बांधला, आणि शेगडीखालचा भाग चार इंच खालीं घेतला. ओव्हनसाठीं भिंतींत साठ सेंटिमीटर रुंदीचा कोनाडा छातीच्या उंचीवर ठेवला, आणि त्यांत सोळा अँपियरची तार आधींच आणून सोडली. कारण पुढें भिंत फोडणें यंत्रापेक्षांहि महाग पडतें. त्या कोनाड्यांत तूर्त एक लहानसा, सुटा, टेबलावर ठेवावयाचा ओव्हन बसला आहे. वर्षभरांत तो दर आठवड्यास लागूं लागला, तर मोठा आणावयाचा. न लागला तर लहानच पुष्कळ. आणि मागील अंगणांत, चार पत्र्यांच्या आडोशाला, विटांची एक चूल मांडली. आखाजीचें खापर आणि हिवाळ्यांतलें भरीत तिच्यावर. धूर घरांत येत नाहीं, आणि शेजाऱ्यांना निमंत्रण आपोआप पोंचतें!

अशा रीतीनें एका घरांत तीन चुली मांडल्या गेल्या, आणि वेगळें मात्र कोणीच झालें नाहीं.

धुळ्यास परतल्यावर मीं गवंड्याला बोलाविलें. त्यानें सवयीनें मलाच विचारलें, “मास्तर, किती ठेवूं?” मीं बाजूला झालों आणि घरच्या बाईंना पुढें केलें. त्यांनीं कोपर वांकवून दाखविलें, आणि ओटा चार इंच उतरला. नवें घर बांधणाऱ्या किंवा जुनें स्वयंपाकघर मोडणाऱ्या माझ्या श्रोत्यांना एवढीच विनंति आहे कीं, चूल एक घ्या अथवा वेगळी घ्या. पण जिनें तिच्यापुढें उभें राहावयाचें, तिला आधीं विचारा आणि माप तिचें घ्या. मला हें कळावयास पस्तीस वर्षें लागलीं. आपणांस तितकीं लागूं नयेत.